जोडीचा नियम

जाईमावशी खोटं बोलत नसे. झाकत असे. या दोन्हींत फरक आहे असं तिचं ठाम मत होतं, आणि तिच्या मताला विरोध करण्याची आमच्या गल्लीत कुणाची टाप नव्हती. मी गावच्या शाळेत मास्तरीण झाले होते, तरी माझीही नव्हती.

तिनं सगळ्यात मोठं झाकलं ते नवऱ्याचं दुखणं. ते कळायला आधी कोयता म्हणजे काय हे सांगायला हवं. आमच्या बीड जिल्ह्यात ऊस तोडायला जाणाऱ्यांना माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, दोघांनी ट्रक भरायचा. मुकादम गावात येतो तो किती माणसं येणार असं विचारत नाही, किती कोयते येणार असं विचारतो. एकटा राहिला तो अर्धा कोयता. एकट्या बाईला तर कुणी तेवढंही म्हणत नाही. कारखाना सहकारी, म्हणजे सगळ्यांचा, असं भाषणात सांगतात. सभासद उसवाले, सत्कार चेअरमनचा, आणि तोडणारे नुसते कोयते. असो. माझं डोकं फिरायला हा विषय पुरेसा आहे.

तर एका हंगामात तिच्या नवऱ्याचा, कचरूकाकांचा, उजवा खांदा धरला. मुकादमाला कळलं असतं तर त्यानं दोघांनाही घरी धाडलं असतं. म्हणून मावशी स्वतःचं आवरून त्यांच्या वाटचाही ऊस तोडायची, आणि मुकादम उसाच्या फडात आला की कोयता त्यांच्या हातात देऊन आपण मोळ्या बांधायला बसायची. ट्रक भरताना त्यांच्या डोक्यावर हलकी मोळी द्यायची. कुणाला काही कळलं नाही. शेवटी ट्रकला लावलेल्या फळीवरून काका मोळीसकट खाली आले, त्याच खांद्यावर. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला, पण तो पुन्हा कधी वर गेला नाही.

पुढच्या दसऱ्याला गहिनीनाथ मुकादम दारात आला. माणूस वाईट नव्हता. चहा प्याला, काकांच्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, "जाईबाई, तूच सांग. अर्धा कोयता कुठं नेऊ?"

मावशीनं कपबशी उचलली आणि दोन्ही कोयते छपराच्या पत्र्याखाली खोचून ठेवले.

शहाऐंशी साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या गावात विहिरी उघड्या पडल्या, जनावरं बाजारात गेली आणि गावची दूध सोसायटी बंद पडली. दूधच नाही, तर सोसायटी कशाची? दसऱ्यानंतर अख्खं गाव कारखान्यांवर निघालं. मागं राहिले ते म्हातारे, आजारी, आणि पोरं. त्याच सुमारास एका परदेशी मिशननं सोसायटीची रिकामी इमारत भाड्यानं घेतली आणि तोडणीला गेलेल्यांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं. चालवायला नॉर्वे देशातून एक म्हातारं जोडपं पाठवलं. नवऱ्याचं नाव ओले, बायकोचं बिर्गिट. तरुणपणी इकडं राहिल्यानं दोघांना मराठी येत होतं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात ओले नावाचा माणूस यावा, यावर पारावर पुष्कळ हसून झालं. मग तो ओलेबाबा झाला आणि ती बिरगीआजी.

मी संध्याकाळी पोरांचा अभ्यास घ्यायला जायची. जाईमावशी तिथं स्वयंपाकाला होती. काका बोर्डिंगच्या घागरी घेऊन विहिरीवर नंबर धरून बसायचे. मावशीचा मुलगा शहादेव आणि सून कारखान्यावर गेली होती, आणि त्यांची विशाखा बोर्डिंगात राहून माझ्या वर्गात चौथीला होती. दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यावर पोरं ओळीनं झोपायची. इमारतीला आंबट दुधाचा वास होता, तो काही केल्या गेला नाही.

म्हाताऱ्यांचा दिवस ठरलेला. सकाळी दोघं बाकावर बसून त्यांच्या भाषेत हळू आवाजात प्रार्थना म्हणायची. मग बाबा हातात पक्कड घेऊन फिरायचा. खाट, खिडकी, चप्पल, काहीही तारेनं बांधून ठीक करायचा. आजी पोरांची नखं कापायची, पोरींच्या उवा काढायची, ताप आलेल्याला गोळी द्यायची. दुपारी ती मावशीशेजारी बसून भाकरी थापायची. भाकरी कुठल्याही आकाराची व्हायची, फक्त गोल नाही. मावशी ती गपचूप बाबाच्या ताटात वाढायची आणि बाबा गपचूप खायचा. रविवारी दोघं कामाला हात लावायची नाहीत. त्यावर मावशी म्हणायची, आपल्या पोटाला रविवार कळत नाही, एवढंच वाईट.

एकदा मावशीनं बाबाला विचारलं, की या वयात घरदार सोडून बायकोलाही कशाला आणलंत. बाबानं सांगितलं, की मिशनचा नियमच तसा आहे. जोडीलाच पाठवतात, एकट्याला नाही. दोघांतलं एक आजारी पडलं तर दोघांनाही परत बोलावतात.

"म्हंजी तुमचाबी कोयताच की," मावशी म्हणाली.

बाबाला कोयता कळला नाही. मावशीनं समजावून सांगितला. तो हसला नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

कारण मावशीनं लवकरच हेरलं. आजी एका पोरीचे केस विंचरून झाल्यावर तिलाच पुन्हा बोलावायची. विशाखाला कारी म्हणायची. कारी ही तिची स्वतःची मुलगी, तिकडं नॉर्वेत, चाळिशीतली. कधी कधी आजी दारात उभी राहून दूध कधी येणार म्हणून विचारायची. मग बाबा कुठूनतरी पक्कड घेऊन यायचा, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तिच्या कानात एखादा शब्द सांगायचा. पोरीचं नाव, नाहीतर वार. आजी तो शब्द मोठ्यानं म्हणायची आणि दिवस पुढं सरकायचा.

मावशीला हे लगेच ओळखू आलं. हलकी मोळी डोक्यावर देणारीला दुसऱ्यानं दिलेली हलकी मोळी दिसणारच. तिनं काही विचारलं नाही, बाबानं काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एका कानाशी बाबा आणि दुसऱ्या कानाशी मावशी. आजीच्या हातून पिठात दोनदा मीठ पडलं की मावशी त्यात गपचूप आणखी पीठ घालायची.

मग विशाखाला ताप आला. हिवतापाची कडू गोळी आजीनं तिला सकाळी दिली. दुपारी आजीला सकाळची गोळी आठवेना, तिनं पुन्हा दिली. थोड्या वेळानं आणखी एकदा दिली. पोर ओकून ओकून पांढरीफटक पडली, तिला उभं राहता येईना. बाबा तिच्या उशाशी बसून राहिला. विशाखा वाचली. मावशीनं सगळ्यांना एवढंच सांगितलं, की पोर आदल्या दिवशी उन्हात खेळली होती, आणि ते खरंही होतं. पण गोळ्यांच्या कपाटाची किल्ली त्या दिवसापासून मावशीच्या कमरेला आली.

ती किल्ली मी बघितली आणि सगळं उमगलं. मी चिडले. म्हटलं, मावशी, नात तुझी मरता मरता वाचली, आणि तू झाकतेस?

"गप बस, मास्तरीण," ती म्हणाली. "हे बंद पडलं तर विशाखा कुठं जाईल? शहादेव येऊन फडात घेऊन जाईल. थितं ती दुसऱ्यांची लेकरं सांबाळील. मग पुढल्या साली तुझ्या शाळेत येती का बघ."

फडात गेलेली पोरगी शाळेत परत आलेली मी बघितली नव्हती. म्हणजे त्या बोर्डिंगातल्या सगळ्या पोरांचं वर्ष आजीच्या आठवणीवर उभं होतं, आणि आजीची आठवण रोज थोडी थोडी ढासळत होती. मीही कुणाला सांगितलं नाही.

फाल्गुनात निरोप आला, की मिशनचे पगारेसाहेब पाहणीला येणार. शांतवन पगारे नगरकडचे, स्वभावानं शांत, पण नियमाला पक्के. त्यांना आजीचं कळलं की दोघं म्हातारी परत जाणार आणि बोर्डिंगला कुलूप लागणार. तोडणीवाले परत यायला तर अजून अवकाश होता.

त्या दिवशी सकाळी मावशीनं आजीला तिचा निळा झगा घातला, केस बांधून दिले आणि पोरांना दटावलं, की आजीनं चुकीच्या नावानं हाक मारली तरी ओ द्यायची. बाबानं दाढी करताना गाल कापून घेतला. तेवढ्यात साहेबांची जीप दारात येऊन थांबली.

साहेब ओट्यासमोर उभे राहिले आणि आजीला म्हणाले, की पोरांची ओळख करून द्या. मावशी पोरांचे शर्ट नीट करण्याच्या निमित्तानं आजीच्या मागं उभी राहिली आणि पदराआडून एकेक नाव सोडत गेली. आजी ते नाव घेत गेली, हसत, पोराच्या गालाला हात लावत. एका पोरापाशी मावशीला ठसका लागला आणि नाव अडकलं. आजी त्या पोराकडं बघत राहिली. बाबा पुढं झाला. तेवढ्यात तो पोरगाच म्हणाला, "आजी, मी पंडित. सारखं सारखं काय इसरती?" साहेब मोठ्यानं हसले. माझ्या जिवात जीव आला.

साहेबांनी कपाट बघितलं, पाणी बघितलं, खूश झाले. म्हणाले, पुढच्या हंगामालाही हीच जोडी ठेवायला सांगतो. मावशीनं पिठलं-भाकरी वाढली. साहेब आणि बाबा जेवायला बसले. आजीला नंतर वाढू म्हणून मावशी तव्याकडं वळली, मी लोटा भरायला गेले. मागं वळून बघते तर बाकावर आजी नव्हती.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता. आमच्याकडं टँकर घरोघर फिरत नसे, तो विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग सगळा गाव दोर-बादल्या घेऊन विहिरीवर तुटून पडायचा. विहिरीला धड कठडा नव्हता. मी मावशीकडं बघितलं, मावशीनं माझ्याकडं. साहेबांना कळू नये म्हणून दारातून बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. मग पळालो. आजही ते चार पावलं चालणं आठवलं की मला माझीच चीड येते.

विहिरीवर ही गर्दी. बायका वाकून पाणी ओढत होत्या, दोर एकमेकांत अडकले होते, आणि त्या दोरांमधून निळा झगा पुढं पुढं चालला होता. आजीच्या हातात दुधाचा जुना रिकामा कॅन होता. विहिरीत पाणी पडताना बघून तिला कुठली डेअरी आठवली, देव जाणे. ती काठावर आली, कॅन खाली सोडायला वाकली आणि तिचा पाय निसटला.

काठाशी घागरी घेऊन कचरूकाका बसले होते. त्यांनी डाव्या हातानं आजीचा झगा पकडला आणि स्वतः जमिनीवर आडवे झाले. उजवा हात लावता येत नव्हता म्हणून तो नुसता अंगाखाली दाबून घेतला. ओरडलेसुद्धा नाहीत. ओरडायला लागणारी ताकद त्यांनी हातात ठेवली असावी. पाणी ओढणाऱ्या छबुबाई आणि रतनबाईंनी हातातले दोर सोडून आजीला खांद्याला धरलं, मावशीनं कमरेला मिठी घातली आणि सगळ्यांनी मिळून तिला मागं ओढलं. कॅन खाली खडकावर आदळल्याचा आवाज आला.

बाबा तोवर धावत पोचला होता. भाकरीचा तुकडा त्याच्या बोटांत तसाच होता. आजी मातीत बसून शांतपणे झगा झटकत होती. त्यानं तिला जवळ घेतलं, मग मावशीकडं बघितलं. साहेब अजून आतच होते. इमारतीच्या भिंतीआडून त्यांना विहीर दिसत नव्हती.

"जाईबाई, सांगू नको," तो म्हणाला. "ती सकाळी चांगली होती."

"सकाळी चांगलीच असती माणसं," मावशी म्हणाली. "आमचे मालकबी सकाळी चांगले असायचे."

"एकट्याला कोण ठेवतं इथं? ती गेली की मी पण गेलो. आणि मुलं?"

"ठावं हाय, बाबा. मलाबी एकलीला कुणी नेलं नसतं. म्हणूनच तर झाकलं म्या." मावशीला धाप लागली होती. तिनं एकदा काकांकडं बघितलं. काका डोळे मिटून खांदा धरून बसले होते. "त्यांचा खांदा फळीवरनं पडून मोडला न्हाई. माझ्या झाकण्यानं मोडला. ह्या बाईला म्या न्हाई मोडू देणार."

एवढी वर्षं आम्ही सगळे फळीला दोष देत होतो. काकांनी डोळे उघडले. त्यांना हे नवीन नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मावशी तशीच मातीच्या हातांनी आत गेली आणि साहेबांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. केस, मीठ, गोळ्या, विहीर. पदराआडून नावं सांगितली तेही सांगितलं. साहेबांनी ताट बाजूला सारलं. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, की दोघांना लवकरात लवकर मायदेशी पाठवायला हवं. आणि बोर्डिंगमध्ये पोरं ठेवायची तर राहायला जोडपं पाहिजे, हा नियम आहे. दुसरं जोडपं एवढ्यात मिळणार नाही. तोवर पोरं आईबापांकडं पोचवावी लागतील.

माझा तोल गेला. मी साहेबांना नियमाबद्दल बरंच काही ऐकवलं, जे मिशनच्या माणसासमोर बोलू नये. ते खाली मान घालून ऐकत होते. विशाखा खिडकीशी उभी होती, तिला सगळं कळत होतं.

"साहेब," मावशी म्हणाली, "जोडीच पायजे ना? आमी दोघं हाव की."

साहेबांनी दाराकडं बघितलं. काका चौकटीला टेकून उभे होते, उजवा हात पोटाशी धरून. साहेब चाचरत म्हणाले, की यांना वजन उचलता येत नाही, रात्रीअपरात्री पोरांचं काही झालं तर काय करतील? शिवाय तुम्ही बौद्ध, मिशनच्या लोकांना काय सांगू?

"छप्पन साली एकदा बदललाय आमी धरम. आता परत न्हाई बदलायचा," मावशी म्हणाली. "पोरांची नखं कापाया कंचा धरम लागतो, तेवढं सांगा."

तेव्हा बाबा आत आला. त्यानं आजीला बाकावर बसवलं. मावशीकडं त्यानं बघितलं नाही, तो तिच्यावर रागावलेला होता आणि ते लपवतही नव्हता. त्यानं काकांचा डावा हात धरला आणि साहेबांसमोर आणला. झग्याचा पीळ बसून तळवा सोलून निघाला होता.

"माझी बायको पडत होती तेव्हा माझे दोन हात ताटात होते," बाबा म्हणाला. "ह्याने एका हाताने धरली. तुम्ही कोणाला अर्धा म्हणता?"

साहेबांनी तो हात आपल्या हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, की तोडणीवाले परत येईपर्यंत राहू दे, वर काय सांगायचं ते मी सांगतो.

म्हातारी दोघं त्याच आठवड्यात गेली. बाबानं सामान बांधलं, सगळ्या खाटांच्या तारा एकदा तपासल्या आणि पक्कड काकांच्या मांडीवर ठेवली. मावशीला तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. जीपपाशी मात्र थांबला आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. आजी आत बसली होती. तिनं खिडकीतून मावशीचा हात धरला आणि विचारलं, "तू पण येणार ना?"

"व्हय, आलेच," मावशी म्हणाली. "तुमी म्होरं व्हा."

जाईमावशीच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं. जीप वळणाआड गेली तरी ती हात पुढं करून उभी होती.

बोर्डिंग चाललं. मावशी भाकरी थापायची. काका एका हातानं पोरांची नखं कापायला शिकले, पोरंच नेलकटर धरायला मदत करायची. त्यांना सगळ्या पोरांची नावं पाठ होती, आईबापांच्या कारखान्यांसकट. तोडणीवाले परत आले तेव्हा विशाखा पाचवीत गेलेली होती. हंगाम संपल्यावर साहेबांचा निरोप आला, की पुढच्या वर्षीही तुम्हीच राहा.

दसऱ्याला गहिनीनाथ मुकादम नेहमीसारखा गल्लीत आला. बोर्डिंगच्या ओट्यावर बसून चहा घेता घेता त्यानं मावशीलाच विचारलं, की यंदा ह्या गल्लीतनं किती कोयते निघतील? मावशीनं बोटं मोजत घरं सांगितली. शहादेवाचं सांगितलं, शेजारच्या सिदूचं सांगितलं. मग समोर बघितलं. काका ओठ आवळून पक्कडीनं खाटेची तार पिळत होते.

"आन् एक हितं हाय," मावशी म्हणाली. "त्यो मातर तुला मिळायचा न्हाई."